वयात वीस मिळवून लिहा

आमच्या भागात कुठल्याही कुत्र्याचं वय विचारलंत, तर मालक आधी तुमच्याकडे नीट बघून घेतो आणि मग विचारतो, "खरं सांगू, का दवाखान्यातलं?" एका कुत्र्याला दोन वयं कशी, हे सांगायचं तर खिडकीबाईंपासून सुरुवात करावी लागते. आणि खिडकीबाईंचा विषय काढायला मला निमित्त लागत नाही.

खिडकीबाई म्हणजे जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या नोंदणी कारकून. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल आणि नवऱ्याला आठवत असेल, एवढंच. दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताला जाळीची खिडकी आणि खिडकीला खाली एक अर्धगोल भोक. त्या भोकातून आधी एक हात दिसायचा, मग चष्मा, मग प्रश्न यायचा, "कोण आजारी? तुम्ही की तो?" बाई उंचीने बेताच्या होत्या, आवाजाने नाहीत. बैल लंगडतोय का, हे त्या खिडकीतून न वाकता सांगायच्या. आणि बैलाच्या मालकाचं घरी काही बिनसलंय का, हे त्याच्या सदऱ्याच्या बटणांवरून. गावातली कुठलीही बातमी आधी त्या भोकातून आत जायची आणि मग दुप्पट होऊन बाहेर यायची. मी रोज सकाळी समोरच्या बाकावर बसायचो. माझा बोका रोज आजारी असायचा असं नाही, पण मांडीवर बोका असला की बाकावरून कोणी उठवत नाही.

सहा वर्षांपूर्वी मुख्य कचेरीने दवाखान्याला संगणक दिला. आतलं सॉफ्टवेअर माणसांच्या इस्पितळासाठी केलेलं होतं. "जनावरांसाठीचे तयार होत आहे, तोपर्यंत तात्पुरते हे वापरावे," असं सोबतच्या पत्रात होतं. कचेरीचं तात्पुरतं म्हणजे चार दिवसांसाठी आलेला मेव्हणा. त्याची पिशवी एकदा खुंटीला लागली की लागली.

पहिलाच रोगी म्हणजे तीन वर्षांची शेळी. खिडकीबाईंनी वय घातलं. पडद्यावर उमटलं, "रुग्ण अठरा वर्षांखालील आहे. शाळेचे नाव भरा." बाईंनी भरलं, "शाळेत जात नाही." पडदा म्हणाला, "कारण भरा." बाईंनी खरं कारण भरलं, "शेळी आहे." पडदा म्हणाला, "हे कारण यादीत नाही." शेळीचा मालक तासभर उभा, शेळीने तेवढ्यात बाहेरच्या भिंतीवरची लसीकरणाची सूचना अर्धी खाल्ली.

तीन दिवस हा छळ चालला. चौथ्या दिवशी बाईंनी शेळीच्या वयात वीस मिळवले. शेळी सज्ञान झाली आणि शाळेचा रकाना मुकाट्याने नाहीसा झाला. पण सज्ञान झाल्यावर व्यवसाय आला. तो रिकामा ठेवला तर पडदा लाल व्हायचा. मग कुत्रे पहारेकरी झाले, गायी दुग्धव्यवसायात गेल्या, पोपट "व्याख्याते" झाले. माझ्या बोक्यापुढे बाईंनी मला न विचारता "सेवानिवृत्त" लिहिलं आणि वर म्हणाल्या, "काका, एकाच घरात दोन वेगळे व्यवसाय कशाला?"

खरी कसोटी गाभण जनावरांची होती. "गर्भवती" या खुणेवर टिचकी मारली की सॉफ्टवेअर विवाह झालाय का विचारायचं. नाही म्हटलं तर पुढे सरकत नसे. मोठं मर्यादाशील सॉफ्टवेअर होतं. हो म्हटलं तर पतीचं नाव विचारायचं. आता गल्लीतल्या कुत्रीच्या पतीचं नाव कुठून आणायचं? बाईंनी पहिल्या दिवशी "परगावी" असं भरलं, सॉफ्टवेअरने ते निमूटपणे घेतलं, आणि तेव्हापासून आमच्या गावातल्या झाडून सगळ्या गाभण जनावरांच्या नवऱ्याचं नाव "परगावी" आहे. सहा वर्षांत त्या एका गृहस्थाने काय संसार थाटलाय, बघायचा असेल तर दवाखान्याचं दफ्तर उघडा.

बटणांचंही तसंच. "जतन करा" दाबलं की भरलेलं सगळं पुसलं जायचं आणि "रद्द करा" दाबलं की नोंद पक्की व्हायची. दर दहाव्या रोग्यानंतर पडदा गोठायचा. मग बाई माउस तीनदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे गोल फिरवायच्या. त्या फिरवण्याने पडदा सुटायचा, की तेवढ्या वेळात आपोआपच सुटायचा, हे कोणाला कधी कळलं नाही. कंपाउंडरने एकदा नुसतं थांबून बघूया असं सुचवलं. बाई म्हणाल्या, "थांबून बघायला मागे दोन म्हशी उभ्या आहेत, त्या थांबतील का विचार."

वेळ वाचावा म्हणून बाईंनी लोकांना बाकावरच चिठ्ठी भरायला शिकवलं. भिंतीवर स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात पाटी लावली, "वयात वीस मिळवून लिहा. व्यवसाय लिहायला विसरू नये." लोक आधी हसले, मग लिहायला लागले, मग नव्या माणसाला शिकवायला लागले. आतल्या खोलीत डॉक्टर कागदावरच्या वयातून वीस वजा करायचे. इतकी वर्षं वजा करून ती वजाबाकी त्यांच्या जिभेवरच बसली. सासूबाईंनी एकदा पंच्याहत्तरावं लागल्याचं सांगितलं, तर हे तंद्रीत म्हणाले, "म्हणजे पंचावन्न." तेव्हापासून सासूबाई पोटच्या मुलाकडे न राहता जावयाकडे येऊन राहतात. डॉक्टर हे कोणाला सांगत नाहीत. कंपाउंडर सांगतो.

बाईंनी तक्रार केली नव्हती असं नाही. पहिल्या वर्षी तीन पत्रं गेली. तिन्हींना एकच उत्तर आलं: "आपली तक्रार नोंदवली आहे," आणि खाली एक लांबलचक क्रमांक. पुढे कधीतरी बाई भाचीच्या लग्नाला दोन दिवस गेल्या. बदलीवर आलेल्या कारकुनाने पहिल्या दिवशी सतरा जनावरं भरली, सतराही वेळा "जतन करा" दाबलं आणि संध्याकाळी रिकाम्या पडद्यासमोर डोकं धरून बसला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. बाई परतल्या तेव्हा दारात रांग होती आणि रांगेने त्यांना वाट करून दिली. माझ्या मते आपल्यावाचून हे चालत नाही, हे बाईंच्या मनात मुरलं ते त्या दिवशी. त्यानंतर, चौथ्या वर्षी, मुख्य कचेरीने आपण होऊन पत्र पाठवलं, "सॉफ्टवेअर वापरताना काही अडचण आहे काय?" बाईंनी उत्तर लिहिलं, "नाही." मी तेव्हा बाकावर होतो. लिहिताना त्यांचा चेहरा असा होता, जसा गुंतलेली लोकर एकटीला सोडवता येणाऱ्या बाईचा असतो.

आणि मग गेल्या वर्षी ते पत्र आलं. जनावरांसाठीचं नवं सॉफ्टवेअर तयार आहे. ते एका उभ्या यंत्रात घालून दालनात ठेवलं जाईल, मालकांनी पडद्यावर बोट लावून स्वतःच नोंद करावी. तीन आठवडे प्रयोग. यंत्र नीट चाललं तर खिडकी कायमची बंद, आणि नोंदणी कारकुनाची बदली गावाबाहेरच्या गोदामात.

खिडकीबाईंच्या निवृत्तीला तेव्हा पावणेतीन वर्षं उरली होती.

त्या संध्याकाळी घरी काय झालं, ते मला वन्संनी सांगितलं. वन्सं म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. त्या सांगताना थोडं तिखटमीठ लावतात. मी वरून माझं लावलेलं नाही. फार नाही. बाईंचा नवरा शिंपी. खाली दुकान आणि वर दोन खोल्या. दिवसभर तोंडात टाचण्या असल्यामुळे तो कमी बोलतो, आणि त्याच्या वाटणीचं वन्सं बोलतात.

"गोदामात असतं तरी काय?" वन्संनी विचारलं.

"मोडके पंखे, लशींचे रिकामे खोके आणि एक राखणदार," बाई म्हणाल्या. "त्याला ऐकू येत नाही."

"मग नशीबवान आहे."

"वन्सं, तिथे दिवसभर कोणी येत नाही. महिन्यातून एक गाडी येते, तीही सामान टाकून जाते. मी बोलायचं कोणाशी?"

"आमच्याशी बोल की. आम्ही काय मेलो?"

"तुमच्याशी रोज बोलते. पण तुमच्याकडे बातमी कुठे असते? तुम्हाला बातमी मी देते."

हे वाक्य वन्संना इतकं लागलं, की त्यांनी मला ते दोनदा सांगितलं.

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. म्हणजे काहीतरी महत्त्वाचं होतं. "तू तक्रारी चालू ठेवायला हव्या होत्यास. तेव्हाच सुधारून दिलं असतं, तर खिडकी राहिली असती."

"अहो, तुमच्या मशीनचं चाक किती वर्षं अडकतंय? पायडल मारायच्या आधी हाताने उलटं फिरवावं लागतं ना?"

"ते मला जमतं."

"मग झालं तर."

शिंप्याने टाचण्या परत तोंडात धरल्या.

सोमवारी यंत्र आलं. माणसाच्या उंचीचं, चकचकीत, अंगावर कुत्र्याचं हसरं चित्र. आणि खोटं कशाला बोलू, यंत्र चांगलं होतं. आधी जनावराची जात विचारायचं, मग वय, वर्षं आणि महिने वेगवेगळे. शाळा नाही, व्यवसाय नाही, कोणाच्या नवऱ्याची चौकशी नाही. जतन करा म्हणजे जतन, रद्द म्हणजे रद्द. मुख्य कचेरीच्या मॅडम स्वतः आल्या होत्या. भिंतीवरची पाटी त्यांनी न वाचताच उतरवायला लावली, जाळीच्या खिडकीची झडप पाडली आणि बाईंच्या हातात लेखी आदेश ठेवला, "प्रयोगकाळात नोंदणी कारकुनाने यंत्राच्या कामात हस्तक्षेप करू नये." बाईंना झडपेआड जुनी रजिस्टरं पुसायला बसवलं आणि मॅडम गेल्या.

पहिल्या दिवशी एकतीस जनावरं आली. यंत्राच्या हिशेबी शून्य.

कारण सोपं होतं. प्रत्येक माणूस शेवटी दोन बटणांपाशी अडायचा आणि कंपाउंडरला विचारायचा, "कुठलं दाबू?" आणि कंपाउंडर हातातली पट्टी गुंडाळता गुंडाळता, सहा वर्षांच्या अनुभवाने, अत्यंत जिव्हाळ्याने सांगायचा, "रद्द दाबा, रद्द. दुसऱ्याला हात लावू नका, पुसलं जाईल."

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "यंत्र बिघडलंय का?"

"नाही मॅडम, सगळ्यांनी व्यवस्थित रद्द केलंय," कंपाउंडर म्हणाला.

मग मॅडमनी त्याला समजावलं. तो "हो, हो" म्हणाला, फोन ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाला, "जतन दाबा म्हणतायत. मोठ्या पदावरच्या माणसांना काही माहीत नसतं." पण दुसऱ्या दिवसापासून त्याने, जीव मुठीत धरून, जतन दाबायला लावलं, आणि नोंदी जायला लागल्या.

नोंदी जायला लागल्या, पण कशा? इस्त्रीवाली तिचा कुत्रा घेऊन आली. जिभेने तिखट बाई, कुत्रा मात्र गरीब. वयाच्या रकान्यापाशी ती थबकली आणि सरळ बंद झडपेवर टकटक केलं.

"बाई, यातही वीस मिळवायचे का हो?"

आतून मग एक खोकला आला.

"खोकल्या म्हणजे हो," रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"नाही म्हणायचं असतं तर दोनदा खोकल्या असत्या," दुसरा म्हणाला. इस्त्रीवालीने सात वर्षांच्या कुत्र्याला सत्तावीस लिहिलं. मग ती व्यवसाय शोधायला लागली. व्यवसायाचा रकानाच नव्हता. "विसरले वाटतं करणारे," असं म्हणून तिने "लक्षणे" या रकान्यात लिहिलं, "पहारेकरी. खोकला." मागच्याने बघून तसंच लिहिलं, त्याच्या मागच्याने त्याचं बघून. आठवड्याभरात लक्षणांच्या रकान्यात विवाहित ससे आणि दुग्धव्यवसायाने ग्रासलेल्या शेळ्या दिसायला लागल्या.

एक शब्द पुरे होता. झडपेआडून "खरं वय लिहा" एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. बाईंनी तो शब्द गिळला. हस्तक्षेप करू नये असं लेखी होतं, हे एक. आणि तीन आठवड्यांनी यंत्र पास झालं की त्या मोडक्या पंख्यांशी बोलत बसणार होत्या, हे दुसरं. मी झडपेपाशी तोंड नेऊन हळूच म्हटलं, "बाई, हे बरं नाही." आतून आवाज आला, "काका, तुमच्या बोक्याला बरं नाही का? यंत्रात भरा."

दवाखान्याचं काम मात्र अडलं नाही, हीच तर गंमत. लोक वीस मिळवत होते, डॉक्टर वीस वजा करत होते, औषध बरोबर पडत होतं. घोळ झाला तो एकाच माणसाचा. तो गावात नवा आलेला. त्याने यंत्राने विचारलं तसं खरं सांगितलं, कुत्रा तीन वर्षांचा. डॉक्टरांनी कागद वाचला, मनातल्या मनात वजाबाकी केली, कुत्र्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. "हा उणे सतरा आहे," ते म्हणाले. तो माणूस घाबरून विचारायला लागला, की हा आजार बरा होतो ना.

दोन आठवड्यांनी यंत्राने आपसूक अहवाल काढून मुख्य कचेरीला पाठवला. आमच्या गावातल्या कुत्र्याचं सरासरी वय सव्वीस वर्षं. एक कोंबडी एकवीस वर्षं चार महिने. कुंभाराचं गाढव बत्तीस. मुख्य कचेरीत म्हणे तो अहवाल या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. कोणाच्या डोक्यात आलं नाही, की आकडा चुकला असेल. यंत्र नवीन होतं ना. नव्या यंत्राचा आकडा म्हणजे नव्या सुनेचा पहिला स्वयंपाक, लगेच कोणी नावं ठेवत नाही. उलट दीर्घायुष्याचं रहस्य शोधायला मॅडम एका प्राध्यापकांना घेऊनच आल्या. प्राध्यापकांच्या पिशवीत पाण्याचे नमुने भरायला बारा बाटल्या होत्या. पाच त्यांनी येतायेता भरल्याही होत्या.

दालनात आल्या आल्या त्यांना इस्त्रीवालीचा कुत्रा भेटला. त्यांनी यादी पाहिली, डोळे विस्फारले, गुडघ्यावर बसले आणि मोठ्या आदराने त्याचा जबडा उघडला. मग दिवा लावून पुन्हा पाहिला.

"बाई, हा फार तर सात वर्षांचा असेल."

"सातच आहे."

"मग सत्तावीस का लिहिलंत?"

"सात अधिक वीस किती होतात?" इस्त्रीवालीने विचारलं.

"पण वीस कशाला मिळवायचे?"

"तुम्ही नवीन दिसता," ती म्हणाली. "शेजारच्याचं बघून लिहा, जमेल हळूहळू."

प्राध्यापक उठले. त्यांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि ती पिशवीत न ठेवता तशीच हातात धरून उभे राहिले. मॅडमचा चेहरा मात्र लाल झाला होता. त्यांनी कंपाउंडरला बोलावलं.

"पहिल्या दिवशी लोकांना रद्द दाबायला तुम्ही सांगितलंत."

"हो, पण ते..."

"ही खोटी वयंही तुम्हीच लिहायला लावलीत. यंत्र बंद पाडायचा हा डाव आहे. गोदामात माणूस हवाच आहे. उद्यापासून तुम्ही तिकडे."

कंपाउंडर एरवी कोणाचं ऐकून घेणारा नाही. पण त्याने नुकतंच घर हलवलं होतं, दवाखान्यामागच्या गल्लीत, म्हातारे वडील अंथरुणाला खिळलेले म्हणून, दुपारी जाऊन त्यांना भरवता यावं म्हणून. तो पांढराफटक पडला. वर नजर करून एकदा बंद झडपेकडे पाहिलं आणि पायाकडे बघत उभा राहिला. नाव घेतलं नाही. डॉक्टर पुढे होऊन म्हणाले, "मॅडम, आकडे टंकताना होतात चुका," पण ते इतकं हळू म्हणाले, की फक्त बोक्याने ऐकलं.

झडप करकरत वर गेली. भोकातून आधी हात आला, मग चष्मा.

"त्याला सोडा, मॅडम. हे माझं आहे."

"कुठलं?"

"सगळं. वीस माझे. व्यवसाय माझे. परगावीसुद्धा माझाच."

"कोण परगावी?"

बाईंनी सांगितलं. शेळीपासून सुरुवात केली. पतीच्या नावापर्यंत आल्या तेव्हा प्राध्यापक पाठ वळवून भिंतीकडे बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मॅडम हसल्या नाहीत.

"सहा वर्षं तुम्ही खोट्या नोंदी केल्यात. आणि आम्ही विचारलं, काही अडचण आहे का, तेव्हा 'नाही' असं लिहून पाठवलंत. मी स्वतः ते पत्र फायलीत लावलंय."

"पहिल्या वर्षी तीन पत्रं पाठवली होती, तीही फायलीत असतील. तुम्ही विचारलंत ते चौथ्या वर्षी. तोवर अडचण राहिली नव्हती."

"राहिली नव्हती म्हणजे? सॉफ्टवेअर तर तेच होतं."

"मी ती नव्हते," बाई म्हणाल्या. चष्मा काढून पदराने पुसला. "खरं सांगू का, मॅडम? ते कोणाला जमत नव्हतं आणि मला जमत होतं. लोक माझ्याकडे यायचे. अडचण आहे म्हणून लिहिलं असतं, तर तुम्ही ती काढली असतीत, आणि मग माझ्याकडे कोण आलं असतं? आणि या पंधरा दिवसांत आत बसून सगळं ऐकलं, बोलले नाही. तेही माझंच. गोदामात मला पाठवा. याचे वडील आजारी आहेत."

मॅडम बाकावर, माझ्या शेजारी, येऊन बसल्या. बोका त्यांच्याकडे सरकला, त्याला पद कळतं.

"वीसच का?" त्यांनी विचारलं. "पंधरा-सोळा मिळवूनही पुष्कळ जनावरं अठरा झाली असती."

"वजाबाकी सोपी जाते. डॉक्टरांची."

डॉक्टरांनी मान खाली घातली.

मॅडमनी यंत्राकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "आमच्या कचेरीत," त्या म्हणाल्या, "सकाळी हजेरी लावायची तर आधी 'बाहेर जात आहे' दाबावं लागतं. मगच 'आत आले' उमटतं."

"असं का?" प्राध्यापकांनी विचारलं.

"काय माहीत. अकरा वर्षं झाली. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मीच त्याला शिकवते." एवढं बोलून त्या स्वतःच दचकल्या. मग उठल्या, कंपाउंडरला "कामाला लागा" म्हणाल्या आणि निघून गेल्या. प्राध्यापकांनी पाच बाटल्या दाराबाहेरच्या कुंडीत ओतल्या.

खिडकीबाईंनी त्या दिवशी खण आवरून ठेवला. पेनं, दोरा, शाईचा शिक्का, सगळं एका पिशवीत. आठ दिवस पिशवी टेबलावर होती आणि आदेश येत नव्हता. त्या आठ दिवसांत त्यांनी मला एकही बातमी दिली नाही. मी घरी जाऊन नुसतं वर्तमानपत्र वाचायचो; माझी काय अवस्था झाली असेल, बघा.

नवव्या दिवशी पत्र आलं. भाषा कचेरीचीच, पण मधली दोन वाक्यं मॅडमनी स्वतः लिहिली असावीत, असं मला वाटतं. यंत्र निर्दोष आहे. खिडकी बंद करण्यात येत आहे. तथापि नागरिकांना जुन्या पद्धतीची सवय जडली असून ती ज्यांनी लावली त्यांनीच सोडवावी, हे योग्य होय. सबब नोंदणी कारकुनाने यंत्राशेजारी बसून नागरिकांस खरी माहिती भरण्यास शिकवावे. सवय पूर्ण सुटेपर्यंत बदलीचा आदेश स्थगित. सवय किती टक्के सुटली, याचा अहवाल दरमहा पाठवावा.

कंपाउंडरने यंत्राशेजारी खुर्ची आणून ठेवली, उशीसकट. आता बाई दालनात असतात, मधे जाळी नाही, त्यामुळे त्यांना बातमी थेट मिळते आणि थेट देता येते. काम त्या मन लावून करतात, हे मी शपथेवर सांगेन. "खरं वय. वीस नाही. अहो वीस नाही म्हटलं ना," असं दिवसातून पन्नास वेळा चालतं. पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. आणि मालकाचं बोट तर त्याहून. इस्त्रीवालीने परवा सात लिहिले, बाईंसमोर, अगदी ठसठशीत. आणि बाईंची पाठ वळताच परत सत्तावीस केले. "उगीच धोका कशाला घ्या," ती मला म्हणाली. बाईंची पाठ नेमकी तेव्हाच का वळली, हे मी विचारलं नाही.

महिन्याचा अहवाल मात्र त्या माझ्यासमोरच भरतात. पहिल्या महिन्यात लिहिलं, "सवय सुटली: तीन टक्के." दुसऱ्या महिन्यात सहा. परवा नऊ लिहिले.

"बाई, दरमहा बरोबर तीनच कसे?" मी विचारलं.

"काका, सवय हळूहळूच सोडवावी लागते," त्या म्हणाल्या. "घाई केली की उलटते."

आणि त्यांनी "जतन करा" दाबलं.

मी घरी आलो, शंभराला तीनाने भागलं, बाईंच्या निवृत्तीला उरलेले महिने मोजले, आणि ही एकच गोष्ट गावात कोणाला सांगितली नाही.